डिंकावर डिंक

...आणि वर सूनबाई म्हणते, "बाबा, एवढी खुर्ची आणली, टेबल आणलं, आता जमिनीवर बसायचा हट्ट कशाला?" आता तुम्हीच सांगा, चाळीस वर्षं मी पुस्तकं बांधली ती ठेंगण्या पाटावर, एक गुडघा दुमडून. समोर आमची ही. मी पानं जुळवायची, तिने शिवायची, आणि मधेच सुई पुढे करायची, "अहो, ओवून द्या, दिसत नाही." दिसायचं हो तिला चांगलं... पण असो. ही गेली, पाट राहिले. माझं दुसरं काही मागणं नाही, गुडघा तेवढा वाकला पाहिजे.

तर गेलो डॉक्टरीणबाईंकडे. म्हटलं, हाड झिजलं असेल. त्या म्हणाल्या, "काका, नुसतं हाड नाही. सांध्याला आतून मऊ, पातळ अस्तर असतं, वंगण त्यातूनच सुटतं. ते सारखं सुजत राहिलं, शरीर डागडुजी करत राहिलं, व्रणावर व्रण चढले. आता ते जाड आणि ताठर झालंय."

मला लगेच पटलं. कारण तुम्हाला सांगतो, अगदी हेच काम मी स्वतः केलंय. हिची एक गाण्यांची वही होती. पुठ्ठ्यापाशी उसवली की मी डिंक लावून कापडाची पट्टी चिकटवायचो. परत उसवली, परत पट्टी. डिंकावर डिंक, अकरा वेळा. ही म्हणायची, "पुरे हो, आता उघडतसुद्धा नाही नीट." मी म्हणायचो, "सुटत तर नाही ना?" आज ती वही अर्धीच उघडते, तिच्या ओळींचे शेवट घडीत जातात.

"मग डॉक्टरीणबाई, जुनं अस्तर काढून नवं लावा की."

"तसं नसतं काका. सूज आवरा, व्यायाम करा, आहे ते राखा."

आहे ते राखा म्हणे. पण गुडघा तेवढा वाकला पाहिजे ना?

काल दुपारी घरात कोणी नव्हतं, बसलो पाटावर. म्हणजे पडलोच. मग उठता येईना. सूनबाई आली, "अगंबाई, बाबा, कधीपासून बसलात?" म्हटलं, "चाळीस वर्षं झाली." तिला एकटीला काही मी उचलवेना, म्हणून बिचारी समोरच्या पाटावर टेकली. "हे येईपर्यंत काहीतरी काम तरी द्या." सुईदोरा दिला. दोनदा प्रयत्न केला तिने, मग पुढे केला, "चष्मा बाहेर राहिला, ओवून द्या."

दिली ओवून. गुडघा काही वाकला नाही, पाय आपला काठीसारखा पुढे. ही असती तर माझंच वाक्य मला ऐकवलं असतं... सुटत तर नाही ना?