वैऱ्यासाठी घडवलेली मूर्ती

आजच्या सभेचे अध्यक्ष, आपले गावप्रमुख नाउआ सिल्वे. व्यासपीठावरचे, दीक्षेच्या पवित्र बनाची राखण करणारे वडीलधारे. लेकीच्या गावी कायमचे निघालेले आपले मूर्तिकार, आदरणीय फोनिगेकाका. आणि सावरीच्या सावलीत दाटीवाटीनं बसलेल्या बंधुभगिनींनो,

दीक्षेच्या वेळी काकांच्या मूर्ती बनात काय करतात, हे बायकांनी विचारायचं नसतं. वडीलधाऱ्यांनो, निश्चिंत असा, मी विचारणारही नाही. पण उघड्यावर घडलं ते सांगायला काय हरकत?

माझे वडील दोफांगी आणि काका यांचं वैर इथं कोणाला ठाऊक नाही? भर बैठकीत वडील म्हणाले होते, "लाकडाचा भुसा खाणाऱ्यांनी जमिनीच्या गोष्टीत तोंड घालू नये." तेव्हापासून एकमेकांना पाहिलं की दोघं वाट बदलत.

मग वडील गेले, आणि बनातून निरोप आला, जुनी मूर्ती वाळवीनं आतून पोखरलीय. अंत्ययात्रेत मूर्ती उचलून जमिनीवर ठोकल्याशिवाय दीक्षा घेतलेला माणूस पूर्वजांकडे जायचा कसा? तिला पेलणारी पोरं दीक्षेच्या शेवटच्या पायरीवर होती, त्यांचंही अडलं. काका या वैऱ्यासाठी नवी मूर्ती घडवणार नाहीत हे लोकांनी धरूनच ठेवलं होतं.

शेवटी मीच त्यांच्या दारी गेले. ते लाकूड तासायच्या वाकसाला धार लावत होते. मी बसायच्या आत म्हणाले, "झाड निवडून आलोय, पोरी. कोंबडं दिलं. झाड हो म्हणालं."

"काका, बाबा तुम्हाला जे बोलले..."

"माझं भांडण त्याच्या जिभेशी होतं. ती आता गप्प आहे. त्याला पुढची वाट तर हवीच ना?"

अंत्ययात्रेला पोरांनी मूर्ती आणली. शांत चेहऱ्याची, पोटाशी हात धरलेली आई. लाकूडच ते! पण तिचा पहिला ठोका जमिनीवर पडला आणि माझ्या तळव्यांतून थेट छातीत चढला. वाटलं, खालून कोणीतरी ओ देतंय. वडील गेल्यापासून माझ्या आईच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं; ती तिथंच मातीत बसली आणि मोकळी रडली. काका पार मागे उभे होते. ठोक्यागणिक ओठ हलत होते. मी जवळ गेले तेव्हा ऐकू आलं, "सावकाश जा, दोफांगी. सावकाश जा."

काका, तुमच्या डोळ्यांनी आता साथ सोडली, म्हणून वाकस खाली ठेवलात. तुमची वेळ येईल, ती फार दूर असो, तेव्हा निरोप धाडा. आपली पोरं ती आई लेकीच्या गावापर्यंत वाहून आणतील.

अध्यक्षांनी बोलू दिलं, त्यांचे आभार. माझी जीभ बनाच्या कुंपणाला कुठं घासली असेल, तर वडीलधाऱ्यांनी ते पोटात घालावं.