सहीआधीचा फोन

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी दोघे बसले होते. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचं वजन कमी करायचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं. मास्तरांच्या मांडीवर त्याच ऑपरेशनचा संमतीचा कागद सहीवाचून पडला होता.

“तुम्ही ठरवलंत कधी?”

“लिफ्टमध्ये, मास्तर. तिघांची लिफ्ट. आत मी आणि एक काठीवाल्या आजी. तर जादा वजनाचा भोंगा सुरू!”

“बिघडला असेल.”

“मलाही तेच वाटलं. दोन तास उघडून बसलो. भोंगा ठणठणीत! आजी म्हणाल्या, ‘राहू दे बाळा, मी जिन्यानं जाते.’ आणि गेल्या की पाच मजले! त्याच आठवड्यात मी इथे आलो.”

“आमची आई म्हणते, पोट कशाला कापायचं? चालायला जा.”

“नऊ वर्षं गेलो. येताना भूक लागायची.”

“आता पस्तावा होत नाही?”

“होतो की! चार घासांत पोट भरतं, गोळ्या जन्मभर. पण उद्या पुन्हा वेळ आली, तर बोलावण्याआधी टेबलावर जाऊन आडवा होईन.”

“पेन आहे का हो?”

“घ्या. पण आधी आईंना फोन करा.”

“सही करून करतो. आधी केला तर ती डबा घेऊन येईल.”