ओढ्यावरच्या काचा

जबाब, ता. ११ मार्च २००७

मी, मोहिनी किशोर देवरे, वय ३८, धंदा नोकरी (प्राध्यापिका, रसायनशास्त्र), राहणार गंगापूर रोड, नाशिक, समक्ष विचारल्यावरून सांगते की,

दिंडोरी तालुक्यातील एका औषध कारखान्याचे सांडपाणी पाड्यालगतच्या ओढ्यात उतरते. तेथे कारखान्याच्या परवानगीने मी काचेचे ट्रे मांडले होते. काचांवर टायटॅनियमच्या पांढऱ्या पुडीचा लेप आहे. त्यावर ऊन पडले की पाण्यातले अँटिबायोटिकचे अंश मोडतात. ते न मोडल्यास ओढ्यातले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. काम चाचणीचे होते. बाकीची घाण पाण्यात तशीच राहते. ते पाणी पिण्याचे नाही.

आज सकाळी सर्व काचा फुटलेल्या दिसल्या. मी ठाण्यात येऊन, जो कोणी असेल त्याला अटक करा, असे हवालदारांना दोनदा बजावले. दुपारी पाड्यावरील कुसाबाई गेणू गावित, वय सुमारे ५५, यांना आणण्यात आले. काचा आपणच फोडल्याचे त्यांनी लगेच सांगितले. त्या खाली फरशीवर बसल्या. मी खुर्चीवर होते.

कारण विचारता त्या मला म्हणाल्या, "बाई, तुमच्या काचा आल्या आन् टँकर बंद झाला. कारखान्याचा सायेब बोलला, वढा साफ झाला, आता तोच प्या. काचाच नसल्या तर टँकर यील ना?"

पाड्याला पिण्याचे पाणी कारखान्याच्या टँकरने मिळत असे, हे मला आज कळले. त्यांची सून व नातू जुलाबाने वणीच्या दवाखान्यात आहेत, हेही आजच कळले.

मी दर आठवड्याला नमुने घ्यायला जात असे. बायका ओढ्यावर हंडे भरताना मला दिसत. वापरायला नेत असतील, असे मी धरून चालले. ते पाणी पिण्यालायक आहे असे मी कोणाला म्हटलेले नाही. पिऊ नका, असेही म्हटलेले नाही. कुसाबाईंनी मला एकदा चहा विचारला होता. मी नको म्हटले. माझे पाणी मी घरून नेत असे.

माझी कुसाबाईंविरुद्ध तक्रार नाही. सकाळची फिर्याद मागे घेते. ओढ्याचे पाणी पिऊ नये, असे आजच पाड्यावर जाऊन सांगेन व कारखान्याला लेखी देईन. टँकर परत येईल का, असे कुसाबाईंनी पुन्हा विचारले. 

जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. माझ्या विनंतीवरून तो कुसाबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात दुसऱ्यांदा वाचण्यात आला.