दोघींच्या कांड्या अन् मधात मी

एक होती प्रेमिला, एक होती गोपिका, अन् मधात कोण? मी! काय गरज होती सांगा बरं मले मधात पडायची?

प्रेमिला माह्या बहिणीची पोरगी, गोपिका तिची जिवाची मैतरीण. लहानपणापासून दोघी एका ओट्यावर बसून हातमागासाठी सूत गुंडाळून कांड्या भरत, एकीले ताप आला का दुसरी पांघरूण घे! अन् प्रेमिलाचं साक्षगंध झालं चंद्रभानसंग... तिथूनच माह्या पायाले भिंगरी लागली, बाप्पा!

आमच्यात साक्षगंध झालं का लग्नापर्यंत पोरगी सासरचा उंबरठा चढत नाई. अन् इकडे चंद्रभानची माय पडली, हात मोडला, धंतोलीच्या दवाखान्यातून प्लास्टर बांधून आली. आता त्याच्या मागाले कांड्या कोण भरून देईन? त्याच्या शेजारची गोपिका!

झालं! प्रेमिला म्हणे, "मावशी, जाऊन पाय वं, काय करून राहिली ती." मी पाहून आली. म्हटलं, कांड्या भरून राहिली. "ट्रान्झिस्टर चालू होता?" होता. "गाणं कोणतं?" मले काय समजते, प्रेमाचंच असन! "अन् ती हासली?" आता खोटं कायले बोलू? हासली! बस... पोट्टी भिंतीकडं तोंड करून झोपली, जेवण नाई, पाणी नाई. "माहं साक्षगंध मोडा!"

गोपिकाकडं गेली, त तिचं वेगळंच! "नवरा भेटला, आता मैतरीण कायले लागते तिले? सांगजा, म्हणा गोपिका मेली!" अन् हा निरोप नेणार कोण? मधात मी!

मंग प्रेमिलानं रागारागात टोपलंभर कांड्या भरल्या. "माह्या हातचं सूत चढलं पाहिजे त्याच्या मागावर. गोपिकाच्या टोपल्यात मिसळून ये." आली मिसळून! तुमाले सांगते, रागात भरलेली कांडी म्हणजे घट्ट दगड! चंद्रभाननं मागावर धोटा फेकला का तटकन् सूत तुटे, जोडलं का तटकन्! "काय भरून राहिली वं गोपिका?" तिनं एक कांडी घेतली, बोट फिरवलं... एवढी वर्षं शेजारी बसलेली, तिले सांगा लागते?

"हे प्रेमिलाचे हात होय!"

टोपलं उचललं, गल्ली ओलांडली, अन् प्रेमिलाच्या ओट्यावर आपटलं! "चोरून कांड्या पाठवतं? माह्यावर भरोसा नाई?"

"तू हासली काहून?"

"अवं, तो विचारून राहिला होता, प्रेमिला रुसल्यावर कशी दिसते! म्हणून हासली. अन् तू? साक्षगंधापासून एकदा तरी आली काय माह्या ओट्यावर?"

सारी गल्ली जमा! दोघी गळ्यात पडून अशा रडल्या, अशा रडल्या... अन् डोळे पुसून वळल्या कोणाकडं? "सारं या मावशीनं लावलं!" मी!! मी लावलं!!

लग्न झालं. अन् प्रेमिलानं सासूच्या मागं लागून धाकट्या दिराले, केशवले, गोपिकाच करून आणली. "डोळ्यासमोर राहीन," म्हणे. भरोसा का पहारा, देवाले माहीत! पण घर भरलं बरं, एका मागाचे चार झाले, दोघींचीही लेकरं अंगणात खेळून राहिली, सासूचा हातही चालाले लागला.

अन् काल दोघी जावा आल्या, टोपले घेऊन, एक इकडून, एक तिकडून. "सांग मावशी, कोणाच्या कांड्या चांगल्या?"

सरकली मी. बसा म्हटलं, बाई... मधात जागा माहीच आहे.