पहिल्या पानावरचा रंगारी

डिझायनर : ...म्हणजे सातव्यांदाही नाहीच आवडलं.

मालक : आवडलं नाही असं नाही हो. रंग छान आहेत, शिडीचा फोटो झकास आलाय. पण वेबसाइट उघडल्यावर माणूस पहिल्याच पानावर थांबला पाहिजे. पानानं गोष्ट सांगायला हवी, असं तुम्हीच म्हणाला होतात.

डिझायनर : गोष्ट आहे की, सर. 'एक रंगारी शिडीवरून पडला. ते पाहून आमच्या वडिलांनी ठरवलं, दगा न देणारी शिडी बनवायची.' तुम्ही सांगितलीत तशीच लिहिली. आता त्यात मी आणखी काय ओतू?

मालक : पोकळ वाटतं.

डिझायनर : वाटणारच. तो रंगारी जगला की गेला, तेसुद्धा मला माहीत नाही. दर खेपेला विचारते, दर खेपेला तुम्ही म्हणता, बाबांनी एवढंच सांगितलं होतं.

मालक : एवढंच सांगितलं होतं खरंच. फार बोलायचे नाहीत ते. थांबा, आत्याला विचारू. बाबांची धाकटी बहीण, पहिल्या दिवसापासून ऑफिस तिच्याकडे आहे. आत्या! जरा बाहेर ये गं!

(आत्या चष्मा पुसत येतात.)

आत्या : अजून त्या एका पानावरच बसलाय होय? महिना झाला, पिंट्या. तेवढ्यात दोनशे शिड्या निघतात.

मालक : ऐक ना. तो रंगारी पडला, तेव्हा बाबा कुठे होते?

आत्या : कशाला हवंय तुला?

डिझायनर : तेच पानावर सगळ्यात वर आहे, आत्या. हे बघा, वाचा.

आत्या : 'ते पाहून...' पाहून काय? दादा तिथं नव्हताच. त्याला निरोप आला.

मालक : बाबांना कशाला निरोप?

आत्या : जाऊ दे रे.

मालक : आत्या.

आत्या : शिडी आपली होती म्हणून. धंद्यातली आठवी की नववी. वरची पायरी निखळली. दोन रिवेट मारायचे तिथं दादानं घाईत एकच मारला होता.

मालक : आणि हे मला आज कळतंय. पन्नाशीला आलो मी.

आत्या : शपथ घातली होती त्यानं. अरे, गुडघे गेले तरी प्रत्येक शिडीवर स्वतः चढायचा, ते काय हौस म्हणून?

मालक : आम्ही हसायचो त्यांना.

आत्या : हसायचात. मी ऐकत बसायची.

डिझायनर : आणि रंगारी?

आत्या : कमरेखाली लुळा पडला. अकरा वर्षं खाटेवर होता. दादा दर रविवारी जायचा, त्याची दाढी करून द्यायचा.

मालक : रविवारी बाबा पत्ते खेळायला जातात, असं आई सांगायची.

आत्या : पत्तेही खेळायचे. दाढी झाली की.

डिझायनर : सर, खरं सांगू? मी दमलेय. तुम्ही म्हणाल ते ठेवते. पण 'ते पाहून' आता माझ्याच्यानं ठेववणार नाही.

मालक : काढा ते. लिहा, शिडी आमची होती.

डिझायनर : पहिल्याच ओळीत? लोक तिथूनच परत फिरतील.

मालक : फिरू देत. मीही दमलोय.

आत्या : थांबा दोघं. रंगाऱ्याची बायको आहे अजून, लेकीकडे असते. तिला न विचारता तिच्या नवऱ्याला पानावर मांडणार?

मालक : नंबर दे. आत्ता लावतो फोन.

आत्या : फोनवर काय सांगशील? घरी जायला हवं.

मालक : तू येशील?

आत्या : येते. दादा गेल्यापासून आपल्यातलं कुणी फिरकलंच नाही तिकडे.