ओगल्यांनी यंत्राला कुंकू लावलं

मंडळी, ऐका! आख्यान लहान आहे, प्रश्न मात्र मोठा आहे. आपली पाळी सगळ्यांत शेवटी येते — तो अपमान म्हणायचा की मान? हसू नका! प्रसादाच्या रांगेत एकदा शेवटी उभे राहा, मग सांगा!

कोकणातली एक वाडी. गणेशचतुर्थीची सकाळ. रघुवीर ओगले पावणेपाचला उठले. विहिरीवर आंघोळ केली, सोवळं नेसले, एकवीस दूर्वा दोनदा मोजल्या, समईची वात पुढे सारली आणि सव्वासहाला चौरंगासमोर बसले. ओगले निवृत्त पोस्टमास्तर! पस्तीस वर्षं टपालाची थैली दहाच्या ठोक्याला फोडलेला माणूस! आणि इकडे वाडीत घरं बावीस, नानाभटजी एक. ओगल्यांचं घर दरवर्षी बाविसावं! पूजेला दुपारचे दोन वाजायचे. गेल्या चतुर्थीला ओगल्यांचा तोल गेला — "नाना, पुढच्या वर्षी तसदी घेऊ नका. आमचं आम्ही बघू!"

आणि बघितलं! शहरातून सीडी प्लेअर आणला, पूजेची सीडी आणली. तीन दिवस सराव! त्रिकोण म्हणजे चालू, दोन उभ्या रेघा म्हणजे थांब, चौकोन म्हणजे बंद!

"भटजी उशिरा येतात," ओगले म्हणाले, "ही बोलावली की हजर. चहासुद्धा मागत नाही!"

पत्नी सुलभाताई म्हणाल्या, "अहो, पण आईंचं कसं?"

आई नव्वदीच्या. दृष्टी गेलेली, हात थरथरता. पण दरवर्षी त्या हातानं मूर्तीच्या पायांवर एक दूर्वा वाहायच्या. देव त्यांना दिसायचा तो तेवढा, बोटांनी!

"त्यात काय? दोन रेघा दाबीन, सीडी थांबेल!"

आता चूक कुठे झाली ती ऐका. आपल्याकडे नवी वस्तू घरात आली, की कुंकू लावल्याशिवाय कोणी वापरतो का? ओगल्यांनी यंत्राला हळद लावली, कुंकवाचं बोट टेकवलं — आणि ते टेकलं नेमकं एकमेकांना छेदणाऱ्या दोन बाणांच्या बटणावर! त्याचा सराव झालाच नव्हता. ते बटण दाबलं, की सीडीवरचे भाग क्रमानं वाजत नाहीत. मनाला येतील तसे वाजतात!

ओगल्यांनी त्रिकोण दाबला. सीडी म्हणाली, "आता मोदकांचा नैवेद्य दाखवावा."

"अगं, मोदक आण!"

"वाफेवर आहेत हो! आणि आधी नैवेद्य? अजून देवाचं तोंडसुद्धा धुतलं नाही!"

"तज्ज्ञांनी केलंय. चुकेल कसं?"

चार कच्चे मोदक धावत आले. तोवर सीडी पुढे — "आपलं नाव आणि गोत्र सांगावं."

"रघुवीर गजा—"

वडिलांचं नाव पुरं होईना, की सीडी आणखी पुढे! "आता मूर्ती किंचित हलवावी. देव स्वस्थानी गेले."

खात्यातला माणूस! हुकूम आला की तामील! ओगल्यांनी मूर्ती हलवली.

भिंतीपाशी पाटावर आई बसल्या होत्या. मुठीत दूर्वा. त्या हळूच म्हणाल्या, "रघू, गेला? अरे, आत्ताच आला ना? माझा हात लागायचा होता रे."

ओगल्यांनी ओल्या बोटानं दोन रेघा दाबल्या. सीडी थांबली! पण थांबून उपयोग काय? देव गेल्यावर!

मंडळी, हसत होतात ना? आता का थांबलात?

ओगले तसेच अनवाणी निघाले. नाना अजून यादीतल्या दुसऱ्याच घरी होते. ओगले अंगणात उभे राहिले. नाना बाहेर येताच मान खाली घालून सगळं सांगितलं.

नाना खो खो हसले! "रघुवीरराव, जो अजून बसलाच नाही, तो उठून जाईल कसा? आईंना म्हणावं, पाहुणा ओटीवर आहे, पाटाची वाट बघतोय."

"मग आत्ता येता?"

"आत्ता नाही. आत्ता आलो तर एकोणीस घरं माझ्या पाठीवर बसतात. आईंच्या बोटांतून दूर्वा सुटायला वेळ लागतो. तिथे घाई चालत नाही. म्हणून तर तुमचं घर शेवटी ठेवतो. तुमच्यानंतर मला कुठे जायचं नसतं."

ओगले घराकडे वळले.

दोन वाजता नाना आले. क्रमानं पूजा सुरू झाली. आईंचा हात धरून त्यांनी मूर्तीच्या पायांपाशी नेला. हात थरथरला, अडखळला, बोटांनी पाय चाचपले. नाना गप्प. दूर्वा पडली, मग पुढचा मंत्र सुरू झाला. कोणी कुठलंही बटण दाबलं नव्हतं!

मंडळी, यंत्र थांबतं ते दाबल्यावर. माणूस कशानं थांबतो? घड्याळाकडे चोरून बघणारे ते मागचे गृहस्थ — हो, तुम्हीच! तुमच्या घरात आहे का असा एक सावकाश हात? औषधाची गोळी तोंडापर्यंत नेताना, सदऱ्याचं बटण लावताना, त्याच्यासाठी थांबलात कधी? मलाही घरी जाऊन हेच उत्तर द्यायचंय!

पुढच्या श्रावणात नाना चतुर्थीच्या घरांची यादी करायला बसले. वरची ओळ मोकळी होती. ओगल्यांनी त्यांच्याकडून पेन मागून घेतलं, सगळ्यांत खाली, बाविसाव्या आकड्यापुढे आपलं नाव लिहिलं, आणि टोपण लावून पेन परत दिलं.