बादलीच्या मृत्यूचा दाखला

मंडळी, डोळे मिटा. देवाचं नाव घ्या. घेतलं? आता उघडा. — खांबाला टेकलेले काका, उघडा म्हटलं! हं. टाळकरी, जरा दमानं.

आजचा प्रश्न साधा आहे. पंडितांना जड जाईल, तुम्हाआम्हाला नाही. प्रश्न असा — बादली मरते केव्हा?

हसू नका! आत्मा अमर, हे तुम्ही पाठ करून बसलाय. देह नाशिवंत, तेही पाठ. पण बादली? तडा गेला की मेली? पाणी धरीना की मेली? का तुमच्या मनातून उतरली त्या क्षणाला मेली? माणूस गेला की डॉक्टर सांगतो — गेला. बादलीची नाडी कोण बघणार? बोला! ... कुणीच बोलत नाही. मग मलाच बोलावं लागणार. ऐका!

कोल्हापूरच्या बाजूला, एका औद्योगिक वसाहतीत जयवंतशेठ माणगावे नावाचे कारखानदार होते. सज्जन माणूस. एकतीस वर्षं एकच वस्तू बनवली — प्लॅस्टिकची लाल बादली. एका पाहुण्यानं विचारलं, "शेठ, निळी का नाही?" शेठनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "सुचलं नाही."

असा हा निर्मळ जीव! तो एकदा मुंबईला परिषदेला गेला. विषय होता — उद्योगपती आणि पृथ्वीचं रक्षण. हॉल इतका गार, इतका गार, की पृथ्वी तापलीय हे ऐकायला आलेल्यांना शाली वाटाव्या लागल्या! एक मालक उठून म्हणाला, आम्ही पृथ्वीसाठी निम्मे दिवे काढले. टाळ्या. दुसरा म्हणाला, आम्ही चिमणीला हिरवा रंग दिला. जास्त टाळ्या! शेवटी प्रत्येकाला एकेक रोप. रोप कुंडीत — प्लॅस्टिकच्या. कुंडी पिशवीत — प्लॅस्टिकच्या. पिशवी खोक्यात. शेठनी ते खोकं मांडीवर घेतलं आणि त्यांना भरून आलं. "एकतीस वर्षं मी हे काय करून बसलो!"

परत आले ते वेगळेच. वॉचमनला हिरवा सदरा दिला. कॅन्टीनच्या चहात गवती चहा टाकला. आणि डॉक्टर रेवती सोनटक्के नावाच्या, परदेशात शिकलेल्या बाईंना नेमलं — हरित वस्तुरचना प्रमुख! हुशार बाई. आठ महिन्यांत उसाच्या चिपाडापासून बादली केली. नाव ठेवलं वसुंधरा. तिचा गुण काय? दोन वर्षं पाणी भरायचं, आणि मग तिची आपोआप माती!

नीट ध्यानात घ्या, मंडळी. टिकण्याची गॅरंटी सगळेच देतात. ही जगातली पहिली बादली, जिला मरणाची गॅरंटी होती! तीही कागदावर, शिक्क्यानिशी!

परदेशातली एक मोठी दुकानवाली कंपनी खूश झाली. म्हणाली, महिन्याला दोन लाख घेतो. शेठनी नवी शेड बांधली, नवी यंत्रं आणली, एकशेचाळीस माणसं कामावर घेतली. आता फक्त एक अट उरली. नवी बादली जुनीपेक्षा पृथ्वीला बरी, हे सिद्ध करा. दोघींचं पाळण्यापासून चितेपर्यंतचं चरित्र लिहून द्या.

नवीचं चरित्र लगेच झालं. जन्म. दोन वर्षं. माती. संपलं! जुनीचा जन्म माहीत होता. चिता? शेठनी मॅनेजरांना विचारलं, "आपली लाल बादली मरते कधी?" मॅनेजरांनी खालच्याला विचारलं. खालच्यानं त्याच्या खालच्याला. सगळ्यात खालच्याच्या खाली विचारायला फक्त बादलीच उरली! एकतीस वर्षांत कुणी कळवलंच नव्हतं हो!

कंपनीचं पत्र आलं — वापरून मेलेली एक लाल बादली, मालकाच्या जबानीसह आणि स्थानिक अधिकाऱ्याच्या दाखल्यासह, आमच्या परीक्षकांना दाखवा. शनिवारपर्यंत. नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो. — आणि पत्र आलं सोमवारी!

झालं. तीन गाड्या निघाल्या. एकीत शेठ, एकीत रेवतीबाई, एकीत चहाचे थर्मास. खेडोपाडी, दारोदार. रेवतीबाई हात जोडून विचारायच्या, "नमस्कार. आपल्याकडे एखादी लाल बादली वारली आहे का?"

पहिल्या घरी बादलीला तळच नव्हता! आंब्याच्या रोपाभोवती उभी. रेवतीबाईंना आनंद. "मावशी, हिला तळ नाही!"

"नसंना. शेळी तळ बघत न्हाई."

दुसऱ्या घरी अर्धीच बादली. तिच्यात कोंबडी अकरा अंड्यांवर बसलेली.

"ही मेली, असं लिहून द्याल का?"

"कोंबडी?"

"बादली हो."

"पिल्लं निघू द्यात, मग तिलाच इचारा."

तिसऱ्या घरी उपडी बादली — लेझीमपथकात वाजते! पथकाचा म्होरक्या तर रागावलाच. "मेली काय म्हणताय? परवा तालुक्यात दुसरी आली ती!"

तीनशे बारा घरं झाली, मंडळी! शेठनी दवंडी दिली — मेलेली बादली द्या, नवी वसुंधरा फुकट न्या. बुधवारी कारखान्याच्या दारात ही गर्दी! मेलेली इस्त्री आली, पंखा आला, छत्री आली. एकानं मेव्हणा आणला — "बघा, ह्याचा काय उपयोग हुतोय का." शेठनी मेव्हण्याला चहा पाजून परत पाठवलं. बादली? एक नाही!

आणि शुक्रवारी रात्री निरोप आला. शिरोळकडच्या एका गावात हौसाक्का चौगुले म्हणून बाई, म्हशी राखून असते, तिची कारखान्याच्या पहिल्याच वर्षीची लाल बादली आज सांजेला उसाच्या ट्रॉलीखाली गेली. पापड! चाक वरून गेलं, मागचंही गेलं. शेठ ओरडले, "देव पावला!" मग स्वतःच गाल बडवून घेतले. कुणाच्या मरणावर असं बोलू नये.

शनिवारी निघाले. बरोबर परीक्षक फर्नांडिसबाई — वसईच्या, काटेकोर, चार रंगांची चार पेनं. अशा प्रसंगाला काय घालावं कळेना, म्हणून सगळे पांढऱ्या कपड्यांत. दाखला पाहिजे, म्हणून ग्रामसेवकालाही बोलावलेलं. हौसाक्काच्या अंगणात घोंगडं टाकलेलं, त्यावर सगळे माना खाली घालून बसले.

आता गावानं काय समजावं? दारात तीन गाड्या, पांढरे कपडे, गप्प बसलेली मोठी माणसं! पाच मिनिटांत बाया जमल्या. एकीनं भाकरी-पिठलं आणलं. एकीनं नुसतं बघून पदर डोळ्याला लावला. एक म्हातारे काठी टेकत आले, शेठच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "कोण गेलं, बाबा?"

शेठ म्हणाले, "बादली."

म्हाताऱ्यांनी काठी बाजूला ठेवली. "आजारी हुती?"

"नाही. ट्रॉलीखाली."

"आरारा. वय तर लई नसंल?"

"एकतीस."

"जाण्याचं वय न्हवं," असं म्हणून म्हातारे टेकले. आता उठतील कसले!

ग्रामसेवकाकडे मरणाचा एकच फॉर्म. त्यानं तोच काढला. "मयताचं नाव?"

रेवतीबाई म्हणाल्या, "बादली, लाल."

"आडनाव लाल?"

"रंग."

"रंगाचा रकाना नाही. आडनाव लाल लिहितो. वडलांचं नाव?"

आणि मंडळी, घोंगड्याच्या कडेला बसलेल्या शेठनी हळूच हात वर केला. "मी. जयवंत आदगोंडा माणगावे. मीच घडवली तिला."

पदर डोळ्याला लावलेली बाई आता खरंच रडायला लागली!

फर्नांडिसबाईंनी हिरवं पेन उघडलं. "मृत वस्तू दाखवा."

हौसाक्का दारात उभी होती. ती बादलीला बारडी म्हणते आणि स्वतःबद्दल 'आलो-गेलो' बोलते, ती त्या बाजूची बोली. म्हणाली, "बारडी व्हय? आत हाय की. रांजणावर."

"रांजणावर कशाला?"

"झाकणी फुटली हुती वो माझी महिन्यापास्नं. ताट-परात ठेवून बघून दमलो मी. काल बारडी चपटी झाली, बघतोय तर बराबर मापाची! देवानंच धाडली."

सगळे आत गेले. अंधाऱ्या कोपऱ्यात रांजण, आणि रांजणावर — लाल, गोल, चपटी, बसलीय दिमाखात! काल सांजेला गेली, आज सकाळी कामावर रुजू! मंडळी, तुमच्या-माझ्या पुनर्जन्माला किती योनी फिरावं लागतं? ही एका रात्रीत! बोला हरी विठ्ठल! — अहो मोठ्यानं बोला, बादलीनं एवढं केलं, तुम्हाला तोंड उघडवत नाही?

रेवतीबाई मटकन खाली बसल्या. शेठचा चेहरा पांढऱ्या सदऱ्यासारखा. पण फर्नांडिसबाई शांत. म्हणाल्या, "माझ्या कागदावर एकच प्रश्न आहे. 'निर्मात्यास मृत्यू मान्य आहे का? हो किंवा नाही.' झाकणासाठी माझ्याकडे रकाना नाही. तुम्ही 'हो' लिहून सही करा, ऑर्डर तुमची."

बघा! एक अक्षर. 'हो'! तेवढं लिहिलं की दोन लाख बादल्या, एकशेचाळीस चुली. लिहिलं असतं का तुम्ही? — खरं सांगू नका, शेजारी ऐकतायत.

शेठनी पेन हातात घेतलं. हौसाक्का म्हणाली, "सायेब, पाणी घ्या आधी. लांबनं आलाईसा." तिनं ती चपटी बादली उचलली, तांब्या बुडवला, पाणी दिलं, बादली परत रांजणावर ठेवली. टप्! शेठ पाणी प्यायले. गार! उन्हाळ्यात आईनं डोक्यावर हात ठेवावा तसं गार.

तांब्या खाली ठेवला. पेन उचललं. आणि मग शेठ जे बोलले ते ऐका — "बाई, कसं लिहू हो? ती कामावर आहे!"

फर्नांडिसबाईंनी लाल पेन उघडलं आणि 'नाही'वर खूण केली. ऑर्डर गेली. म्हातारे तेवढ्यात बाहेरून ओरडले, "काय झालं?" ग्रामसेवक म्हणाला, "वाचली!" अंगणात टाळ्या!

टाळ्या ठीक आहेत. एकशेचाळीस माणसांचं काय? शेठ घोंगड्यावर येऊन बसले ते उठेनात. मग हौसाक्का त्यांच्यासमोर उकिडवी बसली. तिला वसुंधरा बादली बदल्यात मिळणार होती.

"ही नवी किती दिस टिकतीया?"

"दोन वर्षं."

"मग?"

"माती होते."

"मग मी काय करू?"

"दुसरी घ्यायची."

"ती किती दिस?"

"दोन वर्षं."

"म्हंजे दर दोन वर्षानं मी सुतकात! न्हा-धू कधी करू वो? नको मला. त्यापरीस एक काम करा. कडी द्या."

"कडी?"

"बारडीची कडी वो. बारडीला एकतीस वर्षांत काय झालं न्हाई. कडीच निघती. दुकानात कडी मागितली, तर म्हणतोय अख्खी बारडी घ्या. कालबी कडी न्हवती म्हणून काखंत धरून चाललो, ती सुटली आणि ट्रॉलीखाली गेली!"

रेवतीबाईंनी झटक्यात वही उघडली. तीनशे बारा घरांची नोंद. पानं उलटायला लागल्या. आंब्याभोवतीची — कडी नाही. कोंबडीची — कडी नाही. पथकातली — कडी नाही. प्रत्येक पानावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं! मेलेली बादली शोधताना जिवंत बादलीला काय पाहिजे, हे त्यांनी तीनशे बारा वेळा लिहिलं आणि एकदाही वाचलं नव्हतं. परदेशात शिकलेल्या बाई, पण मोठ्या मनाच्या. हसायला लागल्या. इतक्या हसल्या, की म्हाताऱ्यांना वाटलं धक्का बसला.

नव्या शेडमध्ये आता चिपाडाच्या कड्या होतात. कुठल्याही बादलीला बसणाऱ्या; दोन वर्षांनी कडीची माती झाली, तर कडी नवी, बादली तीच. एकशेचाळीस जणांना काम उरलं का? पहिलं वर्ष ओढाताणीत गेलं, खोटं कशाला सांगू, देवाच्या दारात उभा आहे. मग शंभर जण कड्या बनवायला लागले आणि चाळीस जण सायकलवरून गावोगाव त्या बसवत फिरायला लागले. त्यानंतर शेठना परिषदेत बोलायला उभं केलं. म्हणाले, "यंदा आम्ही निम्म्याच बादल्या विकल्या, आणि बरं चाललंय." मंडळी, एकही टाळी नाही! एका मालकाच्या अंगावरची शाल गळून पडली.

आता तुमच्याकडे वळतो. पळू नका, प्रसाद अजून वाटलेला नाही.

प्रश्न होता, बादली मरते केव्हा? जयवंतशेठनी 'हो' लिहिलं असतं, तर ती त्या क्षणाला मेली असती — रांजणावर बसलेली असताना! ट्रॉलीनं मरत नाही कुणी. सहीनं मरतं. आणि तुम्ही रोज सह्या करता! "आता ह्याचं काही खरं नाही" — सही. "जुनं झालं, काढून टाका" — सही. आणि वस्तूंवरच थांबता का? आज इथं किती जण बसलेत, ज्यांच्या घरात आतल्या खोलीत एक माणूस आहे? कान गेलेत, गुडघे गेलेत, नाहीतर नोकरी गेलीय. घरानं त्याच्या नावावर कधीच 'हो' लिहून टाकलंय. त्याला काही विचारायचं नाही, काही सांगायचं नाही, जेवायला तेवढं वाढायचं.

हात वर करू नका. मला नावं नकोत. घरी जा, त्या माणसाच्या शेजारी बसा, आणि नीट बघा — सगळं संपलंय, का नुसती कडी निघालीय? कडीच असेल, तर ती बसवायला कितीसा वेळ लागतो? त्याला एखादं काम सांगा. लसूण सोलायला सांगा, दार बघायला सांगा, भांडायला सांगा! बघा कसा कामावर रुजू होतो.

चला, उठा आता. सावकाश. — आणि खांबाला टेकलेल्या काकांना कुणीतरी हात द्या. पायाला मुंग्या आल्यात त्यांच्या, बाकी सगळं शाबूत आहे.